रिपीटर : मेडिकलची दुसरी संधी आणि खोडरबराची किंमत

हा आपल्या या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. एसटीत रेंज जाते, हेडफोन घरी राहतात, म्हणून ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं त्यांच्यासाठी. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आज पाच शब्दांपासून सुरुवात करू. वारी, एटीकेटी, बॅक, ड्रॉप आणि रिपीटर.

आजोबांच्या पिढीत मॅट्रिकला बसून नापास झालेला माणूस 'ऑक्टोबरच्या वाऱ्या' करायचा. काकांच्या पिढीत कॉलेजात एटीकेटी लागायची, म्हणजे विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसायची मुभा. आमच्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर 'बॅक' होता. 'ए, तुझे किती बॅक?' हा प्रश्न जेवलास का इतक्या सहजपणे विचारला जायचा. आणि मेडिकलच्या वाटेवरच्या मुलांकडे दोन शब्द असतात, ड्रॉप आणि रिपीटर. पाचही शब्दांच्या पोटात एकच प्रश्न आहे. पहिल्यांदा गेलं आणि दुसऱ्यांदा आलं, तर निवड करणाऱ्याने पहिलं बघायचं की दुसरं?

मी मूळचा साताऱ्याचा, बीटेक सांगलीत केलं, आता पुण्यात कोड लिहितो. मेडिकलशी माझा संबंध एवढाच की माझ्या बारावीच्या वर्गातले अर्धे लोक तिकडे निघाले होते. त्यातले काही पोहोचले, काही अजून रस्त्यात आहेत. त्यांच्याशी बोलताना जाणवलं की या प्रश्नाला एक इतिहास आहे आणि तो कोणी सलग सांगत नाही. म्हणून हा भाग.

आधी अमेरिकेचं उदाहरण, कारण तिथे हिशोब स्वच्छ दिसतो

अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकल नसतं. आधी चार वर्षांची पदवी, त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे कोर्सेस, त्या सगळ्याची सरासरी म्हणजे जीपीए, आणि त्यासोबत एमकॅट नावाची परीक्षा. आता समजा केमिस्ट्रीच्या कोर्सला पहिल्या वर्षी डी आला, म्हणजे चारपैकी एक. पोराने तोच कोर्स परत केला आणि ए काढला, म्हणजे चारपैकी चार. त्याचे केमिस्ट्रीचे गुण किती धरायचे?

तिथे एमडी पदवीच्या कॉलेजांचा सामायिक अर्ज आहे, एएमकॅस. तो दोन्ही प्रयत्न मोजतो. एक अधिक चार भागिले दोन, अडीच. मुलाच्या स्वतःच्या कॉलेजने जुनी ग्रेड झाकून टाकली असली तरी एएमकॅस आपला हिशोब नव्याने करतो आणि ती डी बाहेर काढतो. तिथेच डॉक्टर होण्याचा दुसरा एक रस्ता आहे, ऑस्टिओपॅथिक कॉलेजांचा, डीओ पदवीचा. त्यांचा सामायिक अर्ज २०१७ पर्यंत फक्त शेवटचा प्रयत्न धरायचा. म्हणजे त्याच मुलाचे तिथे पूर्ण चार. अनेकांनी याच नियमाच्या जोरावर आपलं शिक्षण पुन्हा उभं केलं. २०१७ मध्ये तो नियम गेला आणि तिथेही सगळे प्रयत्न मोजले जाऊ लागले.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर डेटा ठेवण्याच्या या दोन पद्धती आहेत. एकीत जुन्या नोंदीवर नवी नोंद लिहिता आणि जुनी पुसली जाते. दुसरीत काहीच पुसत नाही, प्रत्येक बदल खाली जोडत जाता, गिटच्या हिस्टरीसारखा. दोन्हींना आपापली कारणं आहेत. सगळं लक्षात ठेवणारा म्हणतो, 'ज्याला पहिल्याच फटक्यात जमलं त्याच्यावर अन्याय नको.' पुसणारा म्हणतो, 'माणूस आज कुठे आहे ते बघ, अठराव्या वर्षी कुठे होता ते सोड.'

आता आपल्याकडे येऊ. आपण यातलं काय निवडलं?

एकेकाळी दारं दोन होती

मिरजेला जो कोणी एकदा तरी पेशंटला घेऊन गेलाय त्याला वानलेस हॉस्पिटल माहीत असतं. डॉ. विल्यम वानलेस या मिशनरी सर्जनने १८९४ मध्ये ते उभं केलं, आणि त्याच्या छायेत वैद्यकीय शिक्षणही सुरू झालं. त्या काळात डॉक्टर होण्याचे दोन स्तर होते. वरचा स्तर पदवीचा, एमबीबीएसचा. त्यासाठी मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज होतं, १८४५ सालचं. खालचा स्तर लायसन्शिएटचा, म्हणजे कमी मुदतीचा अभ्यासक्रम आणि प्रॅक्टिसचा परवाना. आपल्याकडच्या गावांत जुन्या दवाखान्यांच्या पाट्यांवर 'एल.सी.पी.एस.' अशी अक्षरं असायची, ती याच दुसऱ्या दारातून आलेल्या डॉक्टरांची. पुण्याचं बी. जे. मेडिकल सुद्धा १८७८ साली 'स्कूल' म्हणून सुरू झालं आणि १९४६ मध्ये 'कॉलेज' झालं.

त्याच १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. समितीचं म्हणणं होतं की देशात एकाच दर्जाचा पायाभूत डॉक्टर हवा, पदवीधर. त्यानंतर लायसन्शिएटचे अभ्यासक्रम हळूहळू बंद झाले. विचार चुकीचा म्हणता येणार नाही. खेड्यातल्या माणसाला कमी शिकलेला डॉक्टर आणि शहरातल्याला जास्त शिकलेला, हे कोणाला पटेल? पण त्याचा एक परिणाम असा झाला की मॉडर्न मेडिसिनच्या डॉक्टरकीला एकच दार उरलं, आणि त्या दारावरचा आकडा महत्त्वाचा झाला.

तेव्हा तो आकडा असायचा इंटर सायन्सच्या बी ग्रुपचा, म्हणजे बायोलॉजीवाल्यांचा. १९६२ साली मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याच वर्षी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या पोरांना मेडिकलसाठी मुंबई-पुण्याला जायची सक्ती संपली. सातारा जिल्ह्याला मात्र स्वतःचं सरकारी मेडिकल कॉलेज मिळायला २०२१-२२ उजाडलं, १०० जागांचं. मधली साठेक वर्षं साताऱ्याच्या मुलाने सरकारी मेडिकल म्हटलं की जिल्ह्याबाहेरच बघायचं, हे ठरलेलं.

बारावीचा मार्च

१९७० च्या दशकात दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला आणि इंटर सायन्सची जागा बारावीने घेतली. सगळं नशीब त्या एका मार्च महिन्यावर आलं. तेव्हा फिजिक्सच्या पेपरला ताप आला तर पुढचं आयुष्य बदलायचं. हे मी नाट्यमय करून सांगत नाही, प्रवेशाच्या याद्या दशांश टक्क्यांवर लागायच्या.

त्यात फक्त मार्क नव्हते, गावही होतं. कुठल्या विद्यापीठाच्या हद्दीत तू शिकलास यावर कुठल्या कॉलेजात जागा मिळेल ते ठरायचं. हा मुद्दा कोर्टात गेला. १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की राज्याने सगळ्या जागा आपल्याच रहिवाशांना ठेवू नयेत, काही जागा देशभरच्या मुलांसाठी खुल्या हव्यात. त्यातूनच पुढे १५ टक्के अखिल भारतीय कोटा आणि १९८८ पासून एआयपीएमटी ही परीक्षा आली. १९८६ मध्ये महाराष्ट्राच्याच नियमांवर निदमर्ती महेशकुमार खटल्याचा निकाल लागला. विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी जास्तीत जास्त ७० टक्के, आणि किमान ३० टक्के राज्यातल्या बाकीच्यांसाठी. आपला प्रसिद्ध ७०:३० फॉर्म्युला तो हा. नंतर विद्यापीठांच्या जागी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग आले. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने तो रद्द केला.

याच काळात आणखी एक दार उघडलं आणि ते आपल्याच भागातून उघडलं. सांगली जिल्ह्यातल्या पद्माळ्याचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, १९८३ च्या सुमारास, सरकारने विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी दिली. १९८४ साली कराडला कृष्णा इन्स्टिट्यूट उभी राहिली. या धोरणाने ग्रामीण भागात शिक्षण आणलं, हे खरंच आहे. मी स्वतः ज्या वातावरणात इंजिनिअर झालो ते त्या धोरणातूनच घडलं. पण राज्यभर कॅपिटेशन फीचा प्रश्नही तिथूनच मोठा झाला, इतका की १९८७ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला, आणि १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने 'फ्री सीट' आणि 'पेमेंट सीट' अशी विभागणी घालून दिली.

आता आपल्या प्रश्नाकडे बघा. मार्च बिघडला तर काय? पैसे असतील तर पेमेंट सीट. नसतील तर बोर्डाची श्रेणीसुधार योजना, म्हणजे पास झालेल्याने पुन्हा सगळे विषय देऊन टक्के वाढवायचे. त्या योजनेची रीत पुसण्याची आहे. नवा निकाल चांगला लागला तर तो वापरता येतो, आणि दोन्हींची सरासरी कोणी काढत नाही. अमेरिकेतल्या त्या डीसारखी आपली पहिली बारावी मानेवर बसून राहत नाही.

सीईटी आली आणि 'रिपीटर बॅच' जन्माला आली

१९९० च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्राने बारावीच्या मार्कांवरचा प्रवेश सोडला आणि सीईटी आणली. वेगवेगळ्या बोर्डांची तुलना कशी करायची, कुठल्या केंद्रावर काय चालतं, असे बरेच वाद होते. त्यावर उपाय म्हणजे सगळ्यांना एकच पेपर.

इथे एक मोठा बदल झाला आणि तो फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. बारावीचे मार्क आता फक्त उंबरठा झाले. बरीच वर्षं अट अशी होती की खुल्या प्रवर्गाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ५० टक्के हवेत, राखीव प्रवर्गाला ४०. तेवढा उंबरठा ओलांडला की पुढे सगळं सीईटीवर. म्हणजे बारावी पुन्हा द्यायची गरजच संपली. मार्च एकदाच, सीईटी पाहिजे तितक्या वेळा. आणि सीईटीच्या निकालावर 'हा कितवा प्रयत्न' असं लिहिलेलं नसतं.

क्लासवाल्यांना हे सगळ्यात आधी कळलं. बारावी झालेल्या मुलांसाठी वेगळी बॅच, वेगळं होस्टेल, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत. 'रिपीटर बॅच' ही पाटी सांगली, सातारा, कराडच्या रस्त्यांवर दिसायला लागली. ज्या शब्दाची पूर्वी घरात कुजबुज व्हायची तो शब्द फ्लेक्सवर आला, टॉपरच्या फोटोसकट.

२०१२ ते २०१७ : नियम बदलत राहिले

आता या इतिहासातला सगळ्यात त्रासदायक तुकडा. समजा एक मुलगी २०१२ मध्ये बारावी झाली. तिने राज्याची सीईटी दिली, थोडक्यात हुकलं, ड्रॉप घेतला. २०१३ मध्ये सीईटी नाहीच, त्याऐवजी ५ मे रोजी देशभराची नीट. राज्याचं पुस्तक सोडून सीबीएसई धाटणीचा अभ्यास, आणि चुकलेल्या उत्तराला एक मार्क वजा. १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नीटच रद्द ठरवली. २०१४ मध्ये राज्याची सीईटी परत. २०१५ मध्ये पण सीईटी. मग ११ एप्रिल २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपला २०१३ चा निकाल मागे घेतला. १ मे २०१६ ची एआयपीएमटी हाच नीटचा पहिला टप्पा ठरला. ५ मे रोजी महाराष्ट्रात सीईटी झाली. तिचे मार्क चालणार की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हतं. २४ मे रोजी अध्यादेश निघाला आणि त्या एका वर्षापुरती राज्यांच्या सरकारी जागांना सूट मिळाली. २०१७ पासून फक्त नीट.

पहिल्यांदा बसणाऱ्याला हे कठीण गेलंच. पण रिपीटरचं नुकसान वेगळं होतं. त्याने एक अख्खं वर्ष एका परीक्षेसाठी दिलं आणि समोर दुसरीच आली. दुसरी संधी तेव्हाच संधी असते जेव्हा मैदान तेच राहतं. इथे मैदान कोर्टाच्या तारखेवर ठरत होतं.

मर्यादा घालण्याचे प्रयत्न

नीट स्थिर झाल्यावर प्रश्न आला, किती वेळा बसू द्यायचं? २०१७ च्या सुरुवातीला तीनच प्रयत्नांची मर्यादा जाहीर झाली. आधी एआयपीएमटीला बसलेल्यांची झोप उडाली. मग काही दिवसांत खुलासा आला की २०१७ चा प्रयत्न पहिला धरला जाईल. पुढे ती मर्यादा राहिलीच नाही. आज प्रयत्नांवर बंधन नाही.

वयाचंही तसंच. २५ वर्षांची वरची मर्यादा, राखीव प्रवर्गाला ३०. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली, पण सर्वोच्च न्यायालयाने त्यापुढच्यांना परीक्षेला बसू दिलं. शेवटी मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती अट काढल्याचं जाहीर केलं. आता फक्त खालची मर्यादा, १७ पूर्ण.

आणि तिसरी गोष्ट, जी आपल्याकडच्या इंजिनिअरिंगवाल्यांनी लक्ष देऊन वाचावी. ज्याने अकरावी-बारावीला बायोलॉजी घेतलंच नाही तो नंतर तो विषय वेगळा देऊन मेडिकलला येऊ शकतो का? जुने नियम म्हणायचे, नाही, दोन वर्षं नियमित आणि सलग शिकलेलं हवं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने भूमिका बदलली. बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून बायोलॉजी पास झालेल्यालाही नीट देता येईल असं जाहीर केलं. म्हणजे दहावीनंतर 'बायो की मॅथ्स' हा सोळाव्या वर्षी घेतलेला निर्णयसुद्धा आता पुसता येतो.

सलग बघितलं तर दिशा स्पष्ट आहे. अमेरिका 'सगळं लक्षात ठेवा' कडे गेली. आपण 'सगळं विसरा' कडे आलो.

आपल्याकडे भूतकाळ मोजला गेला असा मला आठवणारा प्रसंग २०२१ चा. कोविडमुळे बारावीची परीक्षा रद्द झाली आणि राज्य मंडळाने निकाल लावला तो दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के धरून. 'अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष' मानणाऱ्या एका अख्ख्या बॅचला मागचं वर्ष अचानक समोर दिसलं. पण मेडिकलवाल्यांना त्याचा फरक नाही पडला. त्यांचा आकडा नीटमधूनच येणार होता.

२०२४ मध्ये तर पुन्हा परीक्षेचा एक विचित्र प्रकार झाला. काही केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १,५६३ जणांना वाढीव गुण दिले होते. त्यावर गदारोळ झाला आणि ते गुण मागे घेतले गेले. त्या मुलांना पर्याय दिला, वाढीव गुणांशिवाय मूळ मार्क ठेवा किंवा २३ जूनला परत बसा. ८१३ जण परत बसले. बाकीच्यांनी आहे ते घेतलं. चूक यंत्रणेची, आणि पुन्हा परीक्षेला बसायची वेळ मुलांवर.

खोडरबर कोण विकत घेतं?

आता मला ज्यासाठी हा भाग करायचा होता ते सांगतो.

जुना प्रयत्न पुसणं मला पटतं. आमच्या क्षेत्रात उलटं आहे. कॅम्पसला कंपन्या येतात तेव्हा फॉर्मवर लिहिलेलं असतं, दहावी, बारावी, डिग्री सगळीकडे ६० टक्के, एकही बॅक चालू नको, शिक्षणात गॅप नको. सोळाव्या वर्षी दहावीला ५८ टक्के पडले म्हणून उत्तम कोड लिहिणारा माणूस दारातच अडतो. ते बघितलं की नीटची विस्मृती मोठ्या मनाची वाटते. शेतकऱ्याच्या घरची मुलगी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली, इंग्रजी सायन्सशी पहिली ओळख अकरावीत. तिला रुळायलाच दोन वर्षं लागतात. पहिला प्रयत्न सगळ्यांसाठी सारखा नसतोच. मग तो मोजायचा कशाला?

पण पुसण्याची किंमत असते आणि ती घरातून जाते. एक वर्ष क्लासची फी, एक वर्ष होस्टेल आणि मेस, आणि एक वर्ष न कमावता घरात बसलेलं तरुण माणूस. ज्याच्या घरी हे तीन परवडतात त्याची पहिली चूक पुसली जाते. ज्याच्या घरी नाही त्याची नियमात पुसता येते, प्रत्यक्षात राहते.

तमिळनाडूने यावर अभ्यास करून घेतला. न्यायमूर्ती ए. के. राजन समितीचा अहवाल २०२१ मध्ये आला. नीटच्या आधी, २०१६-१७ मध्ये, तिथल्या एमबीबीएस प्रवेशात पुन्हा बसलेली मुलं साधारण १२ टक्के होती. २०२०-२१ मध्ये ती ७१ टक्क्यांवर गेली. नियमात कुठेही 'रिपीटरला प्राधान्य' लिहिलेलं नाही. फक्त प्रयत्न मोजायचे नाहीत असं ठरलं, आणि बहुतेक जागा दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नातल्या मुलांकडे गेल्या. पहिल्याच प्रयत्नात बसणारी मुलगी आज वर्षभर अधिक तयारी केलेल्यांशी स्पर्धा करते, आणि यादीत दोघांच्या नावापुढे फक्त मार्क असतात.

तमिळनाडू आणि महाराष्ट्र सारखे नाहीत, हे मान्य. पण माझ्या वर्गातलं सांगतो. साताऱ्याकडचा एक मित्र तिसऱ्या प्रयत्नात लागला. घरी उसाचे पैसे यायचे, वडील म्हणाले, 'बस अजून एकदा.' आज तो चांगला डॉक्टर आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. त्याच्याच बाकामागे बसणारी मुलगी, पहिल्या प्रयत्नात त्याच्यापेक्षा बरेच जास्त मार्क. घरी धाकटा भाऊ दहावीला होता. तिला कोणी 'नाही' म्हटलं नाही. फक्त 'ताई, नर्सिंगचा फॉर्म भरून ठेव' एवढंच म्हटलं. ड्रॉप हा शब्द तिच्या घरात उच्चारलाच गेला नाही. आमच्या भागात मुलाला दोन-तीन प्रयत्न आणि मुलीला एक, असा अलिखित नियम मी अनेक घरांत बघितलाय.

बोर्डाच्या काळात हाच प्रश्न कॅपिटेशन फीच्या रूपात होता. तेव्हा पैशाने थेट जागा मिळायची, आता पैशाने वर्ष मिळतं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा पुष्कळ स्वच्छ आहे, त्यात मेहनत तुमची स्वतःची असते. पण दोन्हींत दाराशी थांबलेला माणूस तोच आहे.

मग अमेरिकेसारखे सगळे प्रयत्न मोजायचे का? मला नाही वाटत. तसं केलं तर जिने उशिरा सुरुवात केली तिलाच सगळ्यात जास्त फटका बसेल. मला वाटतं, पुसायचं ठरवलंच असेल तर खोडरबर सार्वजनिक हवा. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी ज्युनिअर कॉलेजात ड्रॉप घेतलेल्यांसाठी वर्षभराचा मोफत वर्ग, मुलींसाठी होस्टेल, आणि मुलगी बारावी झाल्यावर त्या एका वर्षाची शिष्यवृत्ती. एका मेडिकल कॉलेजच्या इमारतीच्या खर्चापुढे हे फार नाही.

प्रवेश झाल्यावर स्मरणशक्ती परत येते

एक मजेशीर विरोधाभास सांगतो. दाराबाहेर कितीही वेळा बसा, पण आत गेलात की मोजणी सुरू होते. एमबीबीएसच्या सध्याच्या नियमांनुसार पहिल्या वर्षाला जास्तीत जास्त चार प्रयत्न, आणि प्रवेशापासून नऊ वर्षांत सगळं पूर्ण. त्यापुढे संधी नाही. आणि पीजीच्या दाराशी गेलात की पुन्हा विस्मृती. तिथे नीट-पीजीचा रँक चालतो, एमबीबीएसचे मार्क नाही. प्रत्येक दाराशी यंत्रणा नव्याने ओळख करून घेते.

ड्रॉपचा विचार करत असाल तर

थोडं कामाचं बोलू. नीटचे किती प्रयत्न झाले हे गुणवत्ता यादीत धरलं जात नाही, त्यामुळे 'रिपीटरला कमी मार्क धरतात' ही जी अफवा दर जूनमध्ये फिरते तिच्याकडे दुर्लक्ष करा. महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यासाठी डोमिसाईल लागतं आणि साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच झालेली लागते. म्हणून अकरावीलाच परराज्यात नाव घालण्याआधी दहा वेळा विचार करा, जतसारख्या सीमेवरच्या तालुक्यांतल्यांनी तर जास्तच. बारावी इथे करून ड्रॉपच्या वर्षी बाहेर गेलात तर त्याने बिघडत नाही. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद आहे, ती बघून घ्या. आणि पात्रतेच्या अटी बदलतात, हे आत्ता इतिहासात बघितलंच. दरवर्षीचं माहितीपत्रक स्वतः डाउनलोड करून वाचा. क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबू नका.

आणि घरच्यांशी बोलताना एक प्रश्न नक्की विचारा. 'मी मुलगा असतो तर अजून एक वर्ष दिलं असतं का?' मुलींनी विचारा, आणि ज्यांच्या घरी बहीण आहे त्या मुलांनी तिच्या वतीने विचारा. नियम तिच्या बाजूचे आहेत. तिचा पहिला प्रयत्न कुठेही लिहून ठेवलेला नाही. अडतंय ते फक्त घरात.

तुमच्या घरात कोणाला किती प्रयत्न मिळाले, आणि ते कोणी ठरवलं? आवाजात पाठवा किंवा लिहून, नाव सांगायची गरज नाही. पुढच्या भागात भेटू.